खोट्या दागिन्यांचा खरा हिशेब

दागिन्यांचे खरे आणि खोटे असे दोन वर्ग पाडण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. सोने, मोती, हिरे हे खरे. गिलिटाचे आणि काचेचे ते खोटे. खरा दागिना कुलपात राहतो, अडीअडचणीला गहाण पडतो आणि पुढे लेकीसुनांकडे जातो. खोटा दागिना जत्रेत घ्यावा, सणाला अंगावर घालावा आणि रंग उडाला की टाकून द्यावा. त्याची नोंद घरात कोणी ठेवीत नाही. परंतु ज्या वस्तूची नोंद आपण ठेवीत नाही, तिच्यावर जगातील कित्येक गावांचे पोट पिढ्यान् पिढ्या भरत आले आहे. त्या गावांचा हिशेब प्रस्तुत लेखात मांडावा, असे आम्ही योजिले आहे. विद्यार्थ्यांना अर्थशास्त्राचे पुस्तक रुक्ष वाटते. पण तेच अर्थशास्त्र बहिणीच्या गळ्यातील माळेतही आहे.

प्रथम एक साधा प्रश्न घेऊ. दागिन्याची किंमत कशाची असते? सोन्याच्या बांगडीपुरते उत्तर सोपे आहे. सराफ ती तराजूत टाकतो, सोन्याचा भाव लावतो आणि वर मजुरी चढवितो. येथे मालाची किंमत फार मोठी आणि मजुरी त्या मानाने लहान. म्हणून बांगडी मोडली तरी सोने जागेवरच राहते आणि घातलेले बरेचसे पैसे परत येतात.

आता गिलिटाचा दागिना पाहा. आत पितळ किंवा तांबे आणि वर विजेच्या साहाय्याने चढविलेला सोन्याचा मुलामा. हा मुलामा किती पातळ असावा? एक ग्रॅम सोने एका मिलिमीटरच्या सहस्रांशाइतक्या जाडीने पसरले, तर त्याने सुमारे ५०० चौरस सेंटिमीटर जागा झाकते, म्हणजे आपल्या वहीचे जवळजवळ एक पान. एवढ्या सोन्यात कितीतरी कर्णफुले पिवळी होतील. विजेच्या मुलाम्याची ही पद्धत इंग्लंडातील बर्मिंगहॅम येथील एल्किंग्टन यांनी १८४० साली पेटंट घेऊन व्यापारात आणली आणि श्रीमंतांची झळाळी सामान्यांच्या आवाक्यात आली. काचेच्या मण्यात तर सोन्याचा लवलेशही नाही. वाळू, सोडा वा पोटॅश, चुना आणि रंगासाठी धातूंची थोडी भस्मे, एवढाच त्याचा संसार. मग मण्याची किंमत येते कोठून? ती येते मणी घडविणाऱ्या हातांतून, त्याला रूप देणाऱ्या कल्पनेतून आणि तो गिऱ्हाइकापर्यंत पोहोचविणाऱ्या व्यापारातून. या तिघांत ती किंमत कशी वाटली जाते, हाच या धंद्याचा खरा हिशेब होय.

हा हिशेब समजून घेण्यासाठी आपण युरोपातील एका डोंगराळ गावी जाऊ. आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या उत्तर सीमेवर यिझेरा नावाचे पर्वत आहेत. त्यांच्या पायथ्याशी यॅब्लोनेत्स हे गाव आहे. त्याच्या नावात सफरचंदाच्या झाडाचा चेक शब्द आहे. जर्मन भाषेत याच गावाला गाब्लोन्झ म्हणत, आणि काचमण्यांच्या व्यापारात ते याच नावाने जगभर गाजले. येथील हिवाळा कडक, जमीन निकस. शेतीवर संसार चालणे कठीण. परंतु तीन गोष्टी विपुल होत्या. भट्टीसाठी अरण्यातील लाकूड, पैलू पाडण्याच्या चाकांसाठी ओढ्यांचे वाहते पाणी आणि थोड्या मोलात राबणारे हात. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून या डोंगरांत काचेच्या भट्ट्या पेटल्या. जवळच तुर्नोव्ह येथे रत्नांना पैलू पाडण्याची विद्या जुनी होती. काच आणि पैलू यांची गाठ पडली आणि खोट्या रत्नांचा धंदा उभा राहिला.

एक मणी तयार होईपर्यंत किती हातांतून जात असे, ते पाहण्यासारखे आहे. मोठ्या कारखान्यात रंगीत काच वितळवून तिच्या लांब कांड्या ओढीत. या कारखानदारांत रीडेल घराणे अग्रगण्य होते. त्यांतील योसेफ रीडेल याला लोक ‘यिझेरा पर्वतांचा काचराजा’ म्हणत. या कांड्या खेड्यापाड्यांतील लहान लहान भट्ट्यांवर जात. तेथे कारागीर कांडीचे टोक तापवून मऊ करी आणि साच्याच्या सांडशीत दाबी; त्याच वेळी सुई आरपार जाऊन मण्याला भोक पडे. मग दुसऱ्या घरी मण्यांच्या कडा झाडून साफ होत. तिसऱ्या घरी पाण्याच्या चाकावर पैलू पडत. चौथ्या घरी रंग वा रुपेरी लेप चढे. शेवटी बायका आणि मुले दिव्याच्या उजेडात बसून मणी दोऱ्यात ओवीत. येथे मणी सुटे मोजीत नसत. शंभर डझन, म्हणजे १२०० मण्यांचा एक ‘मास’ होई आणि मजुरी त्या हिशेबाने ठरे.

या पद्धतीला अर्थशास्त्रात श्रमविभाग म्हणतात. प्रत्येकाने एकच काम करावे, म्हणजे हात बसतो, वेळ वाचतो, माल स्वस्त होतो, हे तत्त्व आम्ही वर्गात शिकवितो आणि ते खरेही आहे. परंतु त्याला दुसरी बाजू आहे. जो केवळ भोक पाडतो, त्याच्याजवळ विकण्याजोगी संपूर्ण वस्तू कधीच नसते. दाबलेला मणी बाजारात नेऊन तो काय करणार? त्याला पुढच्या घराची वाट पाहणे भाग, आणि सर्व घरांना मिळून एकाच माणसाची वाट पाहणे भाग. तो माणूस म्हणजे निर्यातदार.

निर्यातदाराची पेढी गावात असे. त्याच्याजवळ भट्टी नव्हती, चाक नव्हते. त्याच्याजवळ दोन वस्तू होत्या: नमुन्यांचे पुठ्ठे आणि पत्ते. पुठ्ठ्यांवर शेकडो प्रकारचे मणी, गुंड्या, खडे शिवून लावलेले. आणि पत्ते आफ्रिकेतील, अमेरिकेतील, हिंदुस्थानातील व्यापाऱ्यांचे. कोणत्या देशाला कोणता रंग रुचतो, कोणत्या जमातीला कोणता आकार शुभ वाटतो, हे ज्ञान हेच त्याचे भांडवल होते. मागणी आली की तो मध्यस्थांना बोलावी. मध्यस्थ घरोघर काम वाटी. मागणी थांबली की काम थांबे. कारखानदाराची भट्टी विझली तर त्याचा तोटा होतो. येथे मात्र निर्यातदाराची भट्टीच नव्हती. फॅशन बदलण्याची सारी जोखीम त्या डोंगरातील झोपड्यांवर पडे.

जोखीम किती सूक्ष्म रूपाने येते पाहा. समजा, एका मण्यामागे मजुरी अवघा एक पैसा उतरली. एका मण्याचा पैसा कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. पण १२०० मण्यांच्या एका मासामागे तो बारा रुपये होतो. ज्या घरी दिवसभरात असे दोन मास तयार होतात, त्या घरातून संध्याकाळी चोवीस रुपये उठून जातात. स्वस्त वस्तूच्या धंद्यात पैशाचे हे असेच आहे. विकत घेणाऱ्याला तो दिसत नाही आणि घडविणाऱ्याला त्यावाचून दुसरे काही दिसत नाही.

याच प्रदेशात १८६२ साली दानिएल स्वारोव्हस्की याचा जन्म झाला. बाप काचेला पैलू पाडणारा. मुलगा ते काम हाताने शिकला. १८८३ साली त्याने व्हिएन्ना येथे विजेच्या यंत्रांचे प्रदर्शन पाहिले आणि पैलू यंत्राने पाडता आले तर काय होईल, हा ध्यास घेतला. १८९२ साली त्याने आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. आता काचेचा खडा हाताने होत होता त्याहून कितीतरी वेगाने आणि एकसारखा निघू लागला. पण पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. १८९५ साली तो आपले गाव सोडून दूर टायरोलमधील वाटेन्स येथे गेला. तेथे यंत्रांना पाण्याची शक्ती होती हे एक कारण. आणि जुन्या गावातील लोक आपल्या यंत्राची नक्कल करतील ही भीती, हे दुसरे. नकली रत्ने करणाऱ्यालाही नकलेचे भय वाटावे, यात गंमत आहे; पण अर्थही आहे. वाळू सर्वांना मिळते; मोल आहे ते युक्तीला.

आता आपल्या देशाकडे वळू. बांगडीवाचून आपल्याकडे सौभाग्याची कल्पना होत नाही. आमच्या कोंकणीत बांगड्यांना ‘कांकणां’ म्हणतात आणि नवरीचा ‘चुडो’ भरणे हा लग्नातील एक स्वतंत्र सोहळाच असतो. मराठीत तर बांगडी फुटली असे म्हणणेही अशुभ. ती ‘वाढविली’ म्हणायचे. शब्द कोणताही वापरा, काच फुटतेच, आणि फुटली की हात मोकळा ठेवायचा नाही, म्हणून कासाराकडे जावेच लागते. व्यापाऱ्याच्या दृष्टीने याहून चांगली वस्तू कोणती? स्वस्त, नाजूक आणि धर्माने आवश्यक! गाब्लोन्झच्या निर्यातदारांनी हे अचूक हेरले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून त्या डोंगरात खास हिंदुस्थानासाठी बांगड्या होऊ लागल्या आणि तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीतून त्या जहाजे भरभरून आपल्या बंदरांत उतरू लागल्या. ज्या बाईने आयुष्यात गावची वेस ओलांडली नव्हती, तिच्या मनगटावर बोहेमियातील काच किणकिणत होती.

स्वदेशीच्या चळवळीने या गोष्टीकडे बोट दाखविले. काचेसारख्या साध्या वस्तूसाठीही पैसा परदेशी का जावा? या प्रश्नाला महाराष्ट्राने दिलेले एक उत्तर विद्यार्थ्यांनी अवश्य लक्षात ठेवावे. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची योजना मांडली. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्या पैशांतून देशी उद्योग उभारावा. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले. याच फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. जपानात आणि अमेरिकेत काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तेथे काम केले. पुढे त्यांनी उत्तर प्रदेशात बहजोई येथे काचेचा मोठा कारखाना चालविला. एक पैसा म्हणजे क्षुल्लक रक्कम. पण तो पैसा दागिन्यात न जाता विद्येत गेला, हे त्याचे वैशिष्ट्य.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. ऑस्ट्रिया शत्रुपक्षात गेल्यामुळे तिकडचा माल बंद झाला. बांगड्यांची मागणी मात्र बंद होणारी नव्हती. ती रिकामी जागा ज्या देशी गावांनी भरून काढली, त्यांत आग्र्याजवळील फिरोजाबाद हे प्रमुख होय. युद्धानंतर जपानी आणि पुन्हा बोहेमियाचा माल आला, चढाओढ झाली. पण फिरोजाबाद टिकले आणि आज काचेच्या बांगड्या म्हटल्या की प्रथम त्याच गावाचे नाव निघते.

तेथील कृती ऐका. भट्टीतील वितळलेल्या काचेचा धागा एका फिरत्या रुळावर मळसूत्रासारखा गुंडाळला जातो. थंड झालेले ते वेटोळे एका रेषेत कापले की शेकडो बांगड्या एकदम सुट्या होतात. परंतु प्रत्येकीचे तोंड उघडे असते. ही तोंडे जुळविण्याचे काम भट्टीवर होत नाही. बांगड्यांचे जुडगे घरोघर जातात. तेथे दिव्याच्या ज्योतीवर एकेका बांगडीची टोके तापवून जोडतात. त्याला ‘जुडाई’ म्हणतात. वाकडी बांगडी सपाट करणे ही ‘सधाई’. त्यानंतर कापणी, रंग, नक्षी. ही घरची कामे बहुतांशी बायका करतात. ज्योतीजवळ तासन् तास वाकून बसल्याने डोळ्यांना आणि छातीला त्रास होतो. या कामांत लहान मुलेही राबत आली. १९८६ साली बालकामगारांविषयी कायदा झाला आणि २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कोणत्याही धंद्यात मजुरीला लावण्यास मनाई झाली. आपल्याच वयाच्या मुलांसाठी सरकारला असा कायदा का करावा लागला, याचा विचार आमच्या वाचकांनी एकदा करावा. भट्ट्यांतही पालट झाला. ताजमहालाला धुरापासून जपण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली या टापूतील उद्योगांना कोळसा सोडण्याचा आदेश दिला आणि फिरोजाबादच्या भट्ट्या नैसर्गिक वायूवर आल्या.

यिझेराचा डोंगर आणि यमुनेकाठचे मैदान यांत हजारो कोसांचे अंतर आहे. भाषा निराळी, धर्म निराळा. तरी रचना तीच आहे. मोठ्या भट्टीत काच, लहान घरांत मजुरी आणि गिऱ्हाइकाचा पत्ता तिसऱ्याच्याच हाती. घरात बसून काम करणाऱ्याला शेजारी काय मजुरी मिळते, हेही नीट ठाऊक नसते. कारखान्यात शंभर माणसे एकत्र येतात, बोलतात, संघटना करतात. शंभर घरांत विखुरलेल्या शंभर बायकांना ते साधत नाही. स्वस्ताईचे हेही एक कारण आहे, आणि ते कोणत्याही पुठ्ठ्यावर शिवलेले नसते.

गाब्लोन्झची पुढील कथा इतिहासाच्या विद्यार्थ्यांच्या कामाची आहे. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत परदेशी मागणी कोसळली. चैनीची वस्तू हात आखडताच प्रथम सुटते. निर्यातीवरच जगणारा हा जर्मनभाषी प्रदेश बेकारीने पोळला आणि त्या असंतोषावर हिटलरच्या पाठीराख्यांनी आपली पोळी भाजून घेतली. १९३८ साली म्युनिकच्या कराराने हा मुलूख जर्मनीला जोडला गेला. १९४५ साली जर्मनीचा पराभव झाला, चेकोस्लोव्हाकियाने मुलूख परत घेतला आणि तेथील जर्मन रहिवाशांपैकी बहुतेकांना देशाबाहेर घालविले. घर, भट्टी, साचे, नमुने, सारे मागे राहिले.

मागे राहिली नाही ती विद्या. बव्हेरियातील कौफबॉयरेन या गावाजवळ युद्धकाळातील दारूगोळ्याच्या एका कारखान्याची उद्ध्वस्त जागा होती. १९४६ पासून गाब्लोन्झचे निर्वासित तेथे जमू लागले. पडक्या इमारतींत त्यांनी पुन्हा मणी, पुन्हा खडे, पुन्हा पिना केल्या आणि वस्तीला नाव दिले नॉयगाब्लोन्झ, म्हणजे नवे गाब्लोन्झ. ती वस्ती आजही नांदते आहे. इकडे मूळ गावीही धंदा मेला नाही. काही जाणत्या जर्मन कारागिरांना चेक सरकारने मुद्दाम ठेवून घेतले, नवे लोक शिकले, १९४८ साली अनेक लहान कारखाने एकत्र करून ‘प्रेचिओसा’ ही संस्था निघाली आणि तिचे मणी आजही जगभर जातात. गावात १८८० साली स्थापन झालेली कलाविद्येची शाळा अजून विद्यार्थी घडविते. एका जुन्या निर्यातदार पेढीच्या इमारतीत काचेचे आणि दागिन्यांचे संग्रहालय आहे. आता चीनसारख्या देशांतून येणाऱ्या स्वस्त मालाशी या गावाला झुंजावे लागते. मजुरीच्या स्वस्ताईत ते हरणार हे उघड आहे. म्हणून ते नव्या रूपावर, नव्या रंगावर आणि कसबावर भर देते.

एकाच धंद्याची दोन गावे झाली, कारण विद्या माणसांबरोबर चालत गेली. सोन्याची ट्रंक सीमेवर काढून घेता येते. बोटांतील कसब काढून घेता येत नाही. परंतु केवळ कसब असूनही भागत नाही, हेही आपण पाहिले. जोडणाऱ्या बाईच्या बोटांत कसब असतेच. तिच्याजवळ नमुन्याचा पुठ्ठा आणि गिऱ्हाइकाचा पत्ता नसतो. हात, कल्पना आणि बाजार ही तिन्ही ज्याच्यापाशी आली, तो धंदेवाला झाला. ज्याच्यापाशी नुसते हात राहिले, तो मजूरच राहिला. आपल्या मुलखातील कासार, सोनार, विणकर यांच्या मुलांनी शाळेत चित्रकला, हिशेब आणि परकी भाषा मनापासून का शिकाव्यात, याचे आमच्या मते हे सर्वांत रोकडे उत्तर आहे.

खोटा दागिना वापरू नये, असे सांगण्याचा आमचा हेतू नाही. थोड्या पैशांत गरिबाघरच्या मुलीला सणाच्या दिवशी चार रंग ल्यायला मिळतात, ही लहान गोष्ट नव्हे. आमचे मागणे एवढेच, की ‘खोटा आहे, त्याला काय लागते’ असे म्हणून त्याचा भाव पाडू नये. माल खोटा असेल. त्यामागचे जागरण खोटे नाही.

शेवटी विद्यार्थ्यांना एक काम सांगतो. येत्या जत्रेत मण्यांची एक माळ घ्यावी. विकणाऱ्याला ‘काका, ही कोठून आणली? तुम्हांला काय पडली?’ असे अदबीने विचारावे. मणी मोजावेत. मग वहीच्या पानावर काच, मजुरी, वाहतूक, दुकानदार असे रकाने पाडून दिलेली किंमत त्यांत वाटून पाहावी. मजुरीच्या रकान्यात किती उरते, ते आकडे घेऊन वर्गात यावे.